डॅन्यूबकाठची पहिली लांब सायकलसफर: सोळा दिवसांत किती नदी पाहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघे पती-पत्नी पुण्यात राहता, वये पन्नाशीच्या पुढे-मागे आहेत, रविवारी मुळशी किंवा पानशेतच्या बाजूला चाळीस ते साठ किलोमीटर सायकल चालवण्याचा सराव आहे. पुढच्या मे-जूनमध्ये तीन आठवड्यांची रजा मिळणार आहे आणि जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनपासून बुडापेस्टपर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सोळा दिवसांत जावे असा विचार आहे. हे जमेल का, सायकली पुण्याहून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात, आणि याऐवजी फ्रान्समधला एखादा कालवा सोपा पडेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी बव्हेरियात राहते, नद्या आणि कालव्यांच्या काठाने सुट्ट्यांमध्ये सायकलप्रवास करते आणि भारतातून येणाऱ्या परिचितांचे मार्ग आखून देते. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

आधी आकडा पाहू. डोनाउएशिंगेन ते जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे पासाऊ साधारण पावणेसहाशे किलोमीटर, पासाऊ ते व्हिएन्ना सव्वातीनशेच्या आत-बाहेर आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट सुमारे तीनशे, म्हणजे सगळे मिळून बाराशे किलोमीटर होतात. सोळा दिवसांत ते संपवायचे तर रोज पंचाहत्तर किलोमीटर, तेही एकही दिवस न थांबता. रविवारी साठ किलोमीटर करणाऱ्या माणसाला पंचाहत्तर जमत नाहीत असे मी म्हणणार नाही. मात्र रविवारच्या साठ किलोमीटरनंतर सोमवारी आराम असतो, सामान घरी असते आणि रस्ता पाठ असतो. प्रवासात सामानासह ताशी चौदा-पंधरा किलोमीटरचा वेग धरला तर पंचाहत्तर किलोमीटरसाठी पाच तासांहून अधिक वेळ प्रत्यक्ष सायकलवर जातो. नऊला न्याहारी करून निघालात, दोन ठिकाणी थांबलात, एकदा तरीची, म्हणजे नदी ओलांडून नेणाऱ्या नावेची, वाट पाहिलीत, एकदा रस्ता चुकलात, की मुक्कामाला पोहोचायला सहा वाजतात, आणि लहान गावांतल्या खाणावळींचे स्वयंपाकघर आठच्या सुमारास बंद होते. असे दोन दिवस चालते. सहाव्या-सातव्या दिवशी पाऊस आला किंवा गुडघा दुखू लागला, की पुढचे सगळे आरक्षण एकमेकांवर कोसळते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘आमची कुवत पुरेल का’ हा नसून ‘या वेळापत्रकात मोकळी जागा किती आहे’ हा आहे, आणि आत्ताच्या आराखड्यात ती अजिबात नाही. माझा सल्ला असा की अंतर निम्म्याहून कमी करावे आणि जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गपासून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हापर्यंत एवढाच, सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा टप्पा घ्यावा. तो का, हे सविस्तर सांगते. कारण ते कळले की उद्या तुम्ही दुसरी एखादी नदी निवडली तरी हाच विचार कामी येईल.

युरोपातल्या नदीकाठच्या सायकलवाटा सपाट आहेत, यामागे एक जुने कारण आहे. वाफेची जहाजे येण्यापूर्वी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध घोड्यांकडून ओढून नेल्या जात. त्यासाठी पाण्याला लागून, शक्य तितकी सपाट आणि सलग वाट राखावी लागे. ऑस्ट्रियात तिला ट्रेपेलवेग म्हणतात. व्हिएन्नातल्या डॅन्यूब स्टीमशिप कंपनीची स्थापना १८२९ मध्ये झाली आणि पुढच्या काही दशकांत घोडे गेले, पण वाट राहिली. आजचा डॅन्यूब सायकलमार्ग अनेक ठिकाणी थेट त्याच वाटेवरून जातो आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना डोंगर असतानाही तुमच्या चाकाखाली चढ येत नाही. हा मार्ग आता युरोव्हेलो ६ या अटलांटिक ते काळा समुद्र अशा मोठ्या मार्गाचा भाग आहे.

मात्र ‘नदीच्या दिशेने गेले की उतार लागतो’ ही समजूत सोडून द्यावी. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहे आणि व्हिएन्ना एकशे साठच्या आसपास. तीनशेहून अधिक किलोमीटरमध्ये दीडशे मीटरसुद्धा उतार नाही. पायांना तो जाणवतच नाही. जाणवतो तो वारा. मध्य युरोपात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि डॅन्यूब या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे प्रवाहाची दिशा आणि वाऱ्याची दिशा जुळते. पहिल्या सफरीसाठी मी ही नदी सुचवते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. फ्रान्समधली लोआर नदीसुद्धा तितकीच सपाट आहे, पण ती पश्चिमेला समुद्राकडे जाते. तिच्या काठाने प्रवाहाबरोबर गेलात तर रोज समोरून वारा घ्यावा लागेल; म्हणून तिथे नाँतहून निघून प्रवाहाविरुद्ध ऑर्लेआँकडे जाणे अधिक शहाणपणाचे ठरते. ऱ्हाईनचा नेदरलँड्समधला शेवटचा भाग आणि ऱ्होनचे खोरे यांनाही हाच नियम लागू होतो. ऱ्होनच्या खोऱ्यात मिस्त्राल हा उत्तरेचा वारा इतका जोरदार असतो की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्याचा बेत कोणी नवख्याने करूच नये. नकाशात नदी कुठे जाते हे पाहण्याआधी त्या प्रदेशात वारा कुठून येतो हे विचारावे.

आता टप्प्यांविषयी. डोनाउएशिंगेन ते उल्म हा वरचा भाग फार सुंदर आहे, चुनखडीचे कडे आहेत, इम्मेंडिंगेनपाशी तर उन्हाळ्यात नदीचे पाणी जमिनीत झिरपून पात्र कोरडे पडते. तरीही तो मी तुमच्यासाठी वगळते, कारण तिथे चढ-उतार अधिक आहेत आणि वाट नदीपासून वारंवार दूर जाते. रेगेन्सबुर्गला विमानप्रवासाचा शीण घालवायला दोन रात्री राहा. बाराव्या शतकातला दगडी पूल आणि जुने शहर पायी पाहण्यासारखे आहे. तिथून पहिल्याच दिवशी डोनाउश्टाउफला डाव्या हाताच्या टेकडीवर वालहाला हे ग्रीक देवळाच्या धर्तीचे, १८४२ मध्ये खुले झालेले स्मारक दिसते. श्ट्राउबिंग आणि डेगेनडोर्फ असे मुक्काम करत तीन दिवसांत पासाऊला पोहोचता येते. हा भाग मोकळ्या शेतांचा आणि बंधाऱ्यावरच्या सरळ वाटांचा आहे. पुढच्या भागाइतका तो देखणा नाही, पण अंगात प्रवास भिनायला, सामानाचे वजन नीट वाटून घ्यायला आणि उजव्या बाजूने चालवण्याची सवय लागायला तो उत्तम आहे.

पासाऊला एक पूर्ण दिवस थांबा. इथे दक्षिणेकडून इन आणि उत्तरेकडून इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात आणि तिघींच्या पाण्याचे रंग काही अंतर वेगळे दिसतात. नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या पातळ्या कोरून ठेवल्या आहेत, त्या अवश्य पाहा. जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते. १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर होता. हे मी केवळ माहिती म्हणून सांगत नाही. इन नदी आल्प्समधले बर्फाचे आणि पावसाचे पाणी आणते, त्यामुळे पुराचा धोका मे-जूनमध्येही असतो. जून २०२४ मध्ये बव्हेरियात आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खालच्या ऑस्ट्रियात मोठे पूर आले. एवढे मोठे संकट दरवर्षी येत नाही, परंतु दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला की काठाला लागून असलेली वाट पाण्याखाली जाणे ही तिथली नेहमीची बाब आहे. ‘हॉखवासर’ म्हणजे पूर आणि ‘उमलाइटुंग’ म्हणजे वळवलेला रस्ता, हे दोन शब्द पाट्यांवर ओळखता आले पाहिजेत. पाटी दिसली की वळावे; पाणी पायाच्या घोट्याएवढेच दिसत असले तरी त्याखाली गाळ असतो आणि सामान लादलेली सायकल त्यात घसरते.

पुराचा किंवा आजारपणाचा दिवस रेल्वेने भरून काढता येतो, आणि म्हणून मार्ग ठरवताना मी वाऱ्यानंतर स्थानके पाहते. रेगेन्सबुर्ग ते पासाऊ आणि लिंत्स ते व्हिएन्ना या दोन्ही भागांत रेल्वे नदीपासून फारशी दूर नसते. मधला पासाऊ ते लिंत्स हा भाग मात्र अपवाद आहे. तिथे लोहमार्ग नदी सोडून दक्षिणेला वेल्सकडे जातो आणि नदी एकटीच दरीतून वळणे घेत जाते. या दोन दिवसांत काही बिघडले तर लिंत्सच्या अलीकडे ओटेन्सहाइमपर्यंत तुम्हाला सोयीचे स्थानक मिळत नाही. त्यामुळे पासाऊ सोडण्यापूर्वी हवामान पाहा, ब्रेक आणि टायर तपासा आणि शंका वाटली तर एक दिवस आणखी थांबा.

हाच भाग संपूर्ण मार्गातला सर्वांत सुंदर आहे. श्ल्योगेनपाशी नदी कठीण खडकाला अडून जवळजवळ उलट दिशेला वळते. प्रवाहाच्या दिशेने पाहता उजव्या काठाची वाट सलग आहे. डाव्या काठाने गेलात तर एका ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरतो, वाट संपते आणि पुढचा भाग छोट्या नावेतून नदीच्या लांबीच्या दिशेने पार करावा लागतो. या नावा हंगामी असतात, साधारण मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि संध्याकाळी लवकर थांबतात. शेवटची फेरी किती वाजता आहे हे आदल्या रात्रीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवावे.

ओटेन्सहाइमला आणि पुढे वाखाऊ या नदीच्या दरीतल्या श्पिट्सला नदी ओलांडणारी जी नाव (तर) आहे तिच्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला पुढे ढकलणारे इंजिन नाही. नदीवर उंचावरून एक जाड तार आडवी ताणलेली असते, त्या तारेवरून कप्पी धावते आणि कप्पीला दोरांनी तर बांधलेली असते. नावाडी सुकाणू वळवतो, तरीचे तोंड प्रवाहाशी तिरपे होते आणि वाहते पाणीच तिला पलीकडे रेटत नेते. परत येताना तिरपेपणा उलट करायचा, एवढेच. प्रवाह ज्या भागात अजून जिवंत आहे तिथेच हे शक्य होते. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर वीजनिर्मितीच्या बंधाऱ्यांची मालिका आहे. योखेनश्टाइन १९५० च्या दशकातला, यब्स-पेर्झेनबोइग १९५९ मधला, आणि त्यानंतर आणखी कितीतरी. दोन बंधाऱ्यांच्या मधली नदी तलावासारखी संथ झाली आहे. सलग मोकळी वाहते ती मुख्यतः वाखाऊमध्ये आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला. सायकलस्वारासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की अनेक बंधाऱ्यांवरून सायकलने पलीकडे जाता येते, आणि बंधाऱ्यांच्या वरच्या बाजूला उंच बांधावरून सरळसोट, उघडी वाट असते, जिथे समोरून वारा आला तर आडोसा मिळत नाही.

लिंत्सच्या पुढे माउटहाउझेन लागते. १९३८ पासून १९४५ पर्यंत इथे नाझींची छळछावणी होती आणि आता तिथे स्मारक आहे. ते टेकडीवर आहे, नदीकाठून वर जाणारा रस्ता चांगलाच चढाचा आहे, पण जावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि त्या दिवशी फार दूरचा मुक्काम ठेवू नका. पुढे ग्राईन, मग मेल्कचा भव्य मठ, आणि मेल्कपासून क्रेम्सपर्यंत वाखाऊ. मेल्क ते क्रेम्स हे अंतर चाळीस किलोमीटरही नाही आणि अनेक जण ते तीन तासांत पार करतात. तुम्ही त्याला पूर्ण दिवस द्या. डाव्या काठाला श्पिट्स, वाइसेनकिर्शेन, ड्युर्नश्टाइन ही द्राक्षमळ्यांतली गावे आहेत, किंचित चढ-उतार आणि बरीच गर्दी आहे. उजवा काठ शांत आहे आणि जर्दाळूच्या बागांमधून जातो. मी श्पिट्सपर्यंत एका काठाने जाते आणि तिथे तरीने दुसरा काठ घेते. ड्युर्नश्टाइनच्या वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता.

क्रेम्स ते टुल्न आणि टुल्न ते व्हिएन्ना हे दोन सोपे दिवस आहेत. व्हिएन्नात दोन-तीन रात्री राहा, आणि शेवटी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने, पूररक्षक बांधावरून ब्रातिस्लाव्हापर्यंत साठ-सत्तर किलोमीटर जा. तो बांध लांबच लांब सरळ आहे. पूर्वेचा वारा असेल तर तो दिवस पुढे ढकलावा. ब्रातिस्लाव्हाहून व्हिएन्नाला सायकलीसह प्रादेशिक गाडीने तासाभरात परत येता येते. स्लोव्हाकियात वस्तीबाहेर प्रौढांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. ते तुम्ही सगळीकडेच घालालच.

या हिशेबाने सायकल चालवण्याचे दिवस अकरा, रोजचे सरासरी अंतर पन्नास किलोमीटर आणि हातात चार-पाच दिवस मोकळे राहतात. बुडापेस्ट पाहायचेच असेल तर ब्रातिस्लाव्हाहून रेल्वेने जाऊन या.

तरीही काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही तंबू नेणार असाल तर वजन वाढेल आणि रोजचे अंतर आणखी कमी करावे लागेल. बॅटरीची सायकल घेणार असाल तर पंचाहत्तर किलोमीटरही जड जाणार नाहीत, पण तशी सायकल भारतातून आणता येत नाही, कारण तिच्या मोठ्या बॅटरीला प्रवासी विमानात परवानगी नाही. आणि तुमची रविवारची सवय किती टिकाऊ आहे हे मला इथून कळणार नाही. त्याची परीक्षा तुम्हीच घ्या. निघण्यापूर्वी महिना-दीड महिना आधी, प्रत्यक्ष नेणार ते सामान लादून, सलग तीन दिवस रोज पन्नास किलोमीटर चालवा. अलिबागहून मुरूड, मग आगरदांड्याला तरीने दिघी आणि तिथून श्रीवर्धन हा रस्ता त्यासाठी चांगला आहे. कोकणातले चढ डॅन्यूबकाठच्या कोणत्याही चढापेक्षा अवघड आहेत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी तुम्ही उत्साहाने निघालात तर युरोपात काळजी करण्यासारखे काही नाही. तिसऱ्या दिवशी बसवत नसेल तर आधी सीटची उंची आणि हँडलचे अंतर जाणकाराकडून तपासून घ्या.

सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी, याबाबत माझा साधारण नियम असा आहे की आठ-दहा दिवसांपर्यंतच्या प्रवासाला भाड्याची सायकल बरी. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करण्याची सोय पासाऊ ते व्हिएन्ना या भागात सहज मिळते, आणि सामान एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर पोहोचवणाऱ्या सेवाही तिथे भरपूर आहेत. तुमचे दिवस त्याहून अधिक आहेत, शिवाय पत्नीची सायकल त्यांच्या उंचीप्रमाणे नीट बसवून घेतलेली आहे असे तुम्ही लिहिले आहे. रोज तीन-चार तास ज्यावर बसायचे ती गोष्ट शरीराला जुळलेली असणे फार महत्त्वाचे आहे, म्हणून मी तुमच्या स्वतःच्या सायकली आणा असे सांगेन. पुठ्ठ्याच्या खोक्यात पेडल आणि पुढचे चाक काढून, हँडल वळवून सायकल बसते. विमान कंपनीचे वजनाचे आणि मापाचे नियम तिकीट काढण्यापूर्वीच लेखी मागून घ्या. म्युनिक विमानतळावरून रेगेन्सबुर्गला थेट प्रादेशिक गाडी आहे. विमानतळावरच सायकल जोडून खोके तिथेच टाकून द्यावे, कारण दोन मोठी खोकी घेऊन गाडीत चढणे फार त्रासाचे होते. परतीसाठी व्हिएन्नातल्या एखाद्या सायकलच्या दुकानात तीन-चार दिवस आधी सांगून ठेवले तर रिकामी खोकी मिळतात.

सायकलीला ३७ ते ४७ मिलिमीटर रुंदीचे, पंक्चररोधक पट्टी असलेले टायर असावेत, मडगार्ड, घंटी आणि पुढे-मागे दिवे असावेत. जर्मनीत दिवे आणि घंटी कायद्याने लागतात. सामान पाठीवर मुळीच घेऊ नये. मागच्या कॅरिअरला दोन जलरोधक पिशव्या लावाव्यात आणि माणशी दहा-बारा किलोंच्या वर जाऊ नये. भाड्याची सायकल घ्यायचीच ठरली तर दोन गोष्टी आधी तपासा. तिथल्या अनेक सायकलींना पेडल उलटे फिरवल्यावर लागणारा ब्रेक असतो आणि ज्याला सवय नाही तो चौकात पेडल जागेवर आणायला जातो आणि सायकल जागच्या जागी थांबते. दुसरे म्हणजे हँडलवरचा पुढच्या चाकाचा ब्रेक तिथे बहुधा डाव्या हाताला असतो, तर आपल्याकडे बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत दोन-चार वेळा थांबून पाहावे.

रस्त्याच्या नियमांत सर्वांत मोठा बदल म्हणजे उजव्या बाजूने चालवणे. गर्दीच्या रस्त्यावर तो आपोआप पाळला जातो. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. दुसरा नियम असा की जिथे पाटी किंवा सिग्नल नाही अशा चौकात तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. निळ्या गोलात पांढरी सायकल असलेली पाटी दिसली तर जर्मनीत रस्ता सोडून त्या सायकलवाटेनेच जावे लागते. गाड्यांमध्ये सायकलीचे वेगळे तिकीट लागते. प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तर चढता येते, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलीसाठी आरक्षण आवश्यक आहे आणि सुट्टीच्या दिवसांत ते लवकर संपते. नदीकाठच्या किलोमीटरच्या पाट्यांकडे लक्ष ठेवा. डॅन्यूबचे अंतर मुखापासून उगमाकडे मोजतात, त्यामुळे पासाऊजवळ २२२५ च्या आसपास दिसणारा आकडा रोज कमी होत जाऊन व्हिएन्नात १९२९ च्या आसपास येतो. दोघांची चुकामूक झाली किंवा ११२ वर मदत मागायची वेळ आली तर ‘डावा काठ, अमुक किलोमीटर’ हा पत्ता सर्वांत अचूक ठरतो.

राहण्यासाठी जर्मनीत ‘बेट उंड बाईक’ असे चिन्ह असलेली ठिकाणे शोधा. तिथे एका रात्रीसाठीही खोली देतात आणि सायकली कुलूपबंद ठेवण्याची, कपडे वाळवण्याची सोय असते. मे-जूनमध्ये एक खबरदारी घ्यावी लागते. ईस्टरनंतरचे ख्रिस्ती सण, म्हणजे स्वर्गारोहण, पेंटेकोस्ट आणि कॉर्पस क्रिस्टी, याच काळात येतात. जोडून सुट्ट्या घेऊन सगळे कुटुंबांसह डॅन्यूबवर उतरतात आणि वाखाऊमध्ये खोली मिळत नाही. दरवर्षी तारखा बदलतात, त्या पाहून त्या रात्रींचे आरक्षण सर्वांत आधी करा.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून जेवणाविषयीही सांगते. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात चीज घातलेले श्पेट्सले (मऊ नूडल्ससारखा पदार्थ), भाज्यांचे पदार्थ, काइझरश्मार्न हा गोड पदार्थ हे सहज मिळतात. सूप मात्र बहुधा मांसाच्या अर्कात केलेले असते. त्यात तरंगणारे तुकडे साध्या धिरड्याचे असले तरी रस्सा गोमांसाचा असू शकतो, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी दुपारीच ब्रेड, दही, फळे, सुका मेवा घेऊन ठेवा आणि एका वेळच्या जेवणाचे तयार पाकीट पिशवीत कायम असू द्या. नळाचे पाणी दोन्ही देशांत पिण्यायोग्य आहे. ‘काईन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल ते पाणी पिऊ नये.

आता कालव्याचा प्रश्न. तुमच्या मनात असलेला फ्रान्समधला कानाल द्यु मिदी हा तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या सेतपर्यंत २४० किलोमीटरचा आहे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये त्याचे काम हाती घेतले आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १६८१ मध्ये, तो सुरू झाला. डोंगरांतून आणलेले पाणी नोरूझच्या जलविभाजकावर सोडून एकीकडे अटलांटिकच्या, दुसरीकडे भूमध्याच्या बाजूला वाहवण्याची त्याची रचना आजही पाहताना आदर वाटतो. इतिहासाची आवड असेल तर तो कालवा एकदा जरूर करावा. पहिल्या लांब प्रवासासाठी मात्र मी तो सुचवणार नाही. तुलूझपासून सुमारे पन्नास किलोमीटर डांबरी वाट आहे, नंतर बराच भाग मातीचा, अरुंद आणि झाडांच्या मुळांनी उखडलेला आहे. पाऊस पडला की चिखल. कालव्याची ओळख असलेली प्लेन नावाच्या जातीची झाडे २००६ मध्ये आढळलेल्या बुरशीच्या रोगामुळे हजारोंनी तोडावी लागली, त्यामुळे कित्येक ठिकाणी पूर्वीसारखी सावली उरलेली नाही. शिवाय तिथे पश्चिमेचा आणि आग्नेयेचा असे दोन जोरदार वारे आहेत आणि कोणता मिळेल हे आधी सांगता येत नाही. कालवाच हवा असेल तर तुलूझच्या पश्चिमेचा, १९३ किलोमीटरचा गारॉन कालवा घ्या. तिथली वाट बहुतेक सगळी गुळगुळीत डांबरी आहे आणि सावलीही चांगली आहे. कालव्याचा स्वभावच एकसुरी असतो. दर काही किलोमीटरवर पाण्याची पातळी बदलणारे दरवाजे, तिथला छोटासा चढ आणि पुन्हा सरळ पाणी. काहींना त्यात फार शांतता मिळते, काहींना तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. नदी रोज रूप बदलते, म्हणून पहिल्यांदा नदी.

तारखा ठरवताना मी मेच्या शेवटच्या आठवड्यानंतर निघा असे सुचवेन. मेच्या मध्यापर्यंत तिथे थंडीची एखादी लाट येते. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. या आराखड्यात सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात येतात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा, जरी तुम्ही म्युनिकला उतरणार असलात तरी. अर्जासोबत मुक्कामांची यादी द्यावी लागते, त्यामुळे सुरुवातीला विनाशुल्क रद्द करता येणारीच आरक्षणे करा आणि व्हिसा हाती आल्यावर त्यांत हवे ते फेरफार करा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना सायकलप्रवासातला अपघात त्यात धरला आहे का हे विमापत्रात वाचून पाहा, कारण काही विमापत्रांत साहसी खेळांच्या नावाखाली तो वगळलेला असतो. विमानाची तिकिटे काढताना जाताना म्युनिक आणि परत येताना व्हिएन्ना अशीच मागा. पासाऊचे, वाखाऊचे आणि सणांच्या दिवसांचे आरक्षण आधी, आणि बाकीचे मुक्काम तुमच्या कोकणातल्या तीन दिवसांच्या सरावानंतर ठरवा. त्या सरावात रोज किती किलोमीटर सुखाने झाले तो आकडा कळवलात तर दिवसांची विभागणी मी करून देईन.